मदत हवी आहे: हेल्मेटवर बदाम, पायात चिकट बूट

मंडळी, १/६ स्केलचा एक बाहुला हाती आलाय, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन पॅराट्रूपर (छत्रीधारी सैनिक). सेकंडहँड. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार नॉर्मंडी, जून १९४४, १०१वी एअरबोर्न डिव्हिजन, तिची ५०६वी रेजिमेंट. खोका नाही, माहितीपत्रक नाही, कंपनीचं नाव अंगावर कुठे सापडत नाही. चेहरा मात्र असा रंगवलाय की भुवईचे केस मोजावेत.

अडचणी अशा. बूट चिकट झालेत, बोट लावलं तर ठसा उमटतो आणि तळव्याखाली तेलकट डाग पडतो. शेल्फवर त्याच्या शेजारी प्लास्टिकची जीप आहे, तिचीही काळजी वाटतेय. उजव्या हाताची मूठ बंद आहे, तिच्यात रायफल बसत नाही. ट्रिगरवर बोट असलेला सुटा पंजा मिळालाय, पण जुना निघता निघत नाही. मनगटाची खुंटी मोडेल म्हणून जोर लावलेला नाही.

आणि मुख्य म्हणजे हेल्मेट. दोन्ही बाजूंना पत्त्यांतला बदाम पांढऱ्या रंगात रंगवलाय. ५०६ची खूण इस्पिक ना? की माझाच गोंधळ होतोय? जाणकारांनी सांगावं.

तिरपा_खिसा
गोंधळ तुमचा नाही, विकणाऱ्याचा आहे. ५०१ चौकट, ५०२ बदाम, ५०६ इस्पिक आणि ३२७ ग्लायडर रेजिमेंट किलवर. पत्त्यांचा डाव डोक्यात ठेवा, विसरणार नाही. तुमचा गडी ५०२चा, किंवा मग हेल्मेट दुसऱ्याचं. दुसरी शक्यता सेकंडहँडमध्ये फार. टोपी एकाची, जॅकेट दुसऱ्याचं, पट्टा तिसऱ्याचा असे सर्रास विकले जातात.

जॅकेट बघा. छातीचे खिसे तिरपे, रंग खाकीकडे झुकणारा आणि कोपरा-गुडघ्यांवर कॅनव्हासची ठिगळं असतील तर ते एम-१९४२, नॉर्मंडीला बरोबर. गडद हिरवं आणि सरळ खिशांचं असेल तर ते एम-१९४३. ते पॅराट्रूपर्सच्या अंगावर दिसतं सप्टेंबर १९४४मध्ये, हॉलंडच्या मोहिमेपासून. बदामाभोवती एखादी छोटी रेघ किंवा ठिपका आहे का, तेही सांगा.

रायफल मोजा. खरी एम-१ गॅरंड सुमारे ११० सेंटिमीटर, म्हणजे १/६मध्ये साडेअठराच्या आसपास हवी. सोळाची निघाली तर ती दुसऱ्या स्केलच्या सेटमधली समजा.

पितळी_बक्कल
बुटांबद्दल. ते मऊ पीव्हीसीचे असणार. त्यात लवचिकपणासाठी घातलेलं प्लॅस्टिसायझर वर्षांनी बाहेर झिरपतं, तोच चिकटपणा. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण थेंबभर टाका, मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा, वरून चिमूटभर टाल्कम. बरेच महिने जातात, मग पुन्हा चिकटतं. कायमचा इलाज नाही हो. ॲसिटोन, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, रंग आणि अंग दोन्ही जाईल.

जीप आजच दूर करा. झिरपलेलं प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकला मऊ करतं, टायर जिथे टेकतो तिथे खड्डा पडलेला मी पाहिलाय. बुटाखाली पॉलिएस्टरच्या पारदर्शक शीटचा तुकडा ठेवा. हवाबंद डब्यात कोंडू नका, ऊन लागू देऊ नका. होल्स्टर नकली लेदरचं असेल तर त्याला पाणी लावायचं नाही. पापुद्रे सुटायला लागले की ते थांबत नाहीत, बदलून टाकलेलं बरं.

पंजा काढायला हेअर ड्रायर. फक्त पंजा तापवायचा, मनगट नाही. मऊ झाला की सरळ रेषेत ओढा. पिळायचं नाही! खुंट्या पिळण्यानेच तुटतात. नवा पंजाही बसवण्याआधी तापवा. तुटलीच तर हाताच्या ड्रिलने भोक पाडून पितळी तार बसवता येते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पंजा निघाला, खुंटी शाबूत. रायफल साडेअठरा भरली. जॅकेटचे खिसे तिरपे आहेत, ठिगळंही आहेत. बदामाच्या उजव्या अंगाला, घड्याळात तीन वाजतात तिथे, एक छोटी खूण आहे. मला ती रंगाची चूक वाटत होती.

तिरपा_खिसा
चूक नव्हे, बटालियन आहे ती. बाराला मुख्यालय, तीनला पहिली, सहाला दुसरी, नऊला तिसरी. म्हणजे ५०२ची पहिली बटालियन. जॅकेट आणि रायफल जुळतेय, तेव्हा हेल्मेट त्याचंच धरून चाला आणि इस्पिकवालं शोधत बसू नका. खिशात पितळेचं चिमुकलं क्रिकेट आहे का बघा. अंधारात ओळख पटवायला १०१च्या लोकांना दिलेलं ते टिकटिक खेळणं: एका टकटकीला दोन टकटकींचं उत्तर. सेटमधून सगळ्यात आधी हरवतं तेच.

धागाकर्ता
क्रिकेट नाही. कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा. बदल्यात बंद मुठीचा उजवा पंजा देईन.