अमेरिकेच्या दक्षिणेतली, आजी-आजोबांनी वाढवलेल्या मुलाची कादंबरी सुचवा (बजेट ५०० रु.)

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. वडिलांसाठी पुस्तक हवंय. वय ७४, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता वाईला असतात. भाऊ अटलांटाजवळ असतो. त्याचा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून आईबाबांकडेच आहे, आता नऊचा झाला. (कारणं घरगुती, ती राहू द्या.) गेल्या उन्हाळ्यात तिघं चार महिने भावाकडे राहून आले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, एकट्याने नात सांभाळणारे. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. एकाचं इंग्रजी दुसऱ्याला कळायचं नाही, तरी टोमॅटोवर तासतासभर गप्पा. परत आल्यापासून एकच धोशा: "तिकडच्या आजोबांची एखादी गोष्ट असेल तर बघ."

बाबा इंग्रजी वाचतात, पण सावकाश, शेजारी डिक्शनरी ठेवून. अटी अशा: जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, त्या पट्ट्यातली हवी. कादंबरी हवी. ५०० रुपयांच्या आत, साधारण ३०० पानं, आणि कागदी, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन नको. शेवटची अट, आजी-आजोबा शेवटी मरायला नकोत. प्लीज.

मीठभाकर (९:५२)
टू किल अ मॉकिंगबर्ड. अलाबामा. विषय संपला.

कृष्णाकाठ (९:५५)
त्यात वडील आहेत ना? आजोबा कुठेत?

मीठभाकर (९:५८)
वडील पन्नाशीला टेकलेले आहेत, मुलांना म्हातारेच वाटतात. मी आजवर तीन जणांना भेट दिलंय, एकाचीही तक्रार नाही.

पानगळ (१०:०१)
तिघांनीही उघडलं नसेल.

अण्णा_धारवाडकर (१०:१४)
दक्षिणेतलं म्हणजे आर. के. नारायण. 'स्वामी अँड फ्रेंड्स', १९३५. आजी आहे त्यात, छान आहे. लेखक स्वतः मद्रासला आजीपाशी वाढले. शंभर-दीडशेत मिळेल.

पानगळ (१०:१६)
अण्णा, अमेरिकेच्या दक्षिणेतली.

अण्णा_धारवाडकर (१०:३१)
फोनवर शीर्षक अर्धंच दिसतं. तरी सल्ला कायम.

अटलांटाकर (१०:४०)
बावीस वर्षं इथे काढली आहेत, त्यामुळे अधिकाराने सांगतो. ऑलिव्ह अॅन बर्न्सची 'कोल्ड सॅसी ट्री', १९८४. काळ १९०६ चा, जॉर्जियातलं छोटं गाव. आजोबांचं दुकान. आजी वारल्यावर तीन आठवड्यांत आजोबा त्याच दुकानात टोप्या बनवणाऱ्या तरुण बाईशी लग्न करतात आणि गावात हाहाकार! हे सगळं सांगतो चौदा वर्षांचा नातू. गाव बेतलंय कॉमर्स नावाच्या खऱ्या गावावर, त्याचं जुनं नाव हार्मनी ग्रोव्ह. आम्ही गाडी काढून मुद्दाम जाऊन आलो, फोटो आहेत, हवे तर टाकतो. काकांना भावाच्या घरापासूनही जाता आलं असतं.

कृष्णाकाठ (१०:४४)
मुलाला आजोबांनी वाढवलंय का? पानं किती? आणि ती शेवटची अट?

अटलांटाकर (१०:४९)
राहतो आईवडिलांकडेच, पण जीव आजोबांवर. पानं चारशेला टेकतात, पण भराभर उलटतात. शेवट सांगून मजा घालवत नाही.

पानगळ (१०:५०)
म्हणजे मेले.

ओसरी (११:०५)
कोणी 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' कसं सुचवलं नाही? टेनेसीचे डोंगर, महामंदीचा काळ, पाच वर्षांचा पोरका मुलगा, चेरोकी (तिथल्या मूळ आदिवासींपैकी एक जमात) आजी-आजोबा. आजोबा चोरून दारू गाळतात. आजी रात्री शेक्सपिअर वाचून दाखवते, आणि पोराला डिक्शनरीतले दर आठवड्याला पाच शब्द शिकायचे असतात. काका डिक्शनरी घेऊन बसतात हे वाचून हेच आठवलं. पानं सव्वादोनशेच्या आत. माझ्या लेकीने आणि मी एकत्र वाचलं, दोघी रडलो.

लिंबूटिंबू (११:०७)
+१. मीही रडलो.

पानगळ (११:२०)
रडा, पण लेखकाची माहितीही घ्या. फॉरेस्ट कार्टर हे घेतलेलं नाव. खरा माणूस अलाबामाचा आसा कार्टर, कू क्लक्स क्लॅनवाला, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीतला. अलाबामाचा गव्हर्नर वॉलेस, त्याचं १९६३ चं ते 'वर्णभेद आज, उद्या, कायमचा' वालं भाषण याच्या लेखणीतलं. १९७६ साली पुस्तक आलं ते स्वतःच्या बालपणाच्या आठवणी म्हणून. १९९१ मध्ये ते न्यूयॉर्क टाइम्सच्या सत्यकथांच्या खपाच्या यादीत पहिलं आलं, आणि त्याच वर्षी डॅन कार्टर या इतिहासकाराने जुनं प्रकरण पुन्हा बाहेर काढल्यावर यादीवाल्यांनी ते उचलून कादंबऱ्यांत टाकलं.

ओसरी (११:३१)
मला ठाऊक नव्हतं. आता लेकीला काय सांगू? पण पुस्तक म्हणून वाईट आहे का?

पानगळ (११:३४)
गोड आहे, तोच तर त्रास आहे.

मीठभाकर (११:४०)
ताईंनी कादंबरीच मागितली होती. यादीवाल्यांनीच ती कादंबरी ठरवली म्हटल्यावर अट पूर्ण झाली की.

पानगळ (११:४२)
आणि आजी-आजोबा दोघंही मरतात. ती अट?

चाकरमानी (बुधवार, सकाळी ७:१५)
रात्रभर भांडलात, मूळ मुद्दा राहिलाच. तिकडच्या दक्षिणेत आजीकडे वाढलेली एवढी मुलं का, हे बघा. साधारण १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेली. कामाला, आणि दक्षिणेतल्या जाचातून सुटायला. कितीतरी जणांची पोरं गावी आजीपाशी राहिली. आमच्याकडे बाप गिरणीत, पोर राजापूरला आजीकडे, मे महिन्यात एसटी भरून मंडळी गावी. मीही त्यातलाच. आजीला 'आई' म्हणायचो आणि आईला काय म्हणायचं ते कळायचं नाही.

म्हणून माझं मत माया अँजेलोच्या 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज'ला, १९६९. तीन वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा भाऊ, मनगटाला पत्त्याची चिठ्ठी बांधून आगगाडीत बसवलेले, थेट आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स गावी आजीकडे. आजीचं किराणा दुकान, पहाटे कापूस वेचायला जाणारे मजूर तिथे थांबतात. क्लॅनवाले येणार अशी खबर येते तेव्हा अपंग काकाला बटाटे-कांद्याच्या खणात लपवतात आणि वरून बटाटे-कांदे रचतात. दाताच्या डॉक्टरचा प्रसंग तर वाचाच. आजीने अडीनडीला उसने पैसे दिलेले असतात, तोच गोरा डॉक्टर तिच्या नातीला हात लावत नाही.

आणि आजी मरत नाही. शेवटपर्यंत खणखणीत.

मीठभाकर (७:५०)
हे आत्मचरित्र आहे. ताईंनी कादंबरी मागितली होती.

चाकरमानी (७:५३)
रात्री तुम्हीच एका खोट्या आत्मचरित्राला कादंबरी म्हणून पास केलंत!

सावळी (८:३०)
केज्ड बर्डला अनुमोदन, पण एक सांगून ठेवते. मुलगी आठ वर्षांची असताना तिच्यावर अत्याचार होतो आणि ते स्पष्ट लिहिलंय. काकांच्या हातातून नऊ वर्षांचा नातू पुस्तक उचलणार असेल तर लक्ष ठेवा.

दुसरं, झोरा नील हर्स्टनचं 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड', १९३७, फ्लोरिडा. आजीने वाढवलेली नात. सहाएक वर्षांची होईपर्यंत तिला आपण काळे आहोत हेच माहीत नसतं, सगळ्या मुलांच्या फोटोत ती स्वतःला ओळखत नाही. अप्रतिम. पण आजी पहिल्या काही प्रकरणांतच आटोपते. संवाद बोलतात तसे लिहिलेत, डिक्शनरीत ते शब्द सापडायचे नाहीत. पुणेरी माणसाला मालवणी संवाद दिल्यासारखं होतं. मोठ्याने वाचलं तर कळतं, मनात वाचलं तर नाही. कुठलंही घ्या, आधी दहा पानांचा नमुना छापून काकांना द्या.

लिंबूटिंबू (९:१०)
किंडल घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. माझं आठ हजारांना पडलं, सेलमध्ये.

कृष्णाकाठ (९:१२)
बजेट ५००. स्क्रीन नको.

लिंबूटिंबू (९:१४)
ती स्क्रीन स्क्रीनसारखी नसते.

बोरकूट (११:२५)
मी सुचवत नाहीये, सावध करतोय. जेस्मिन वॉर्डचं 'सिंग, अनबरीड, सिंग', २०१७. नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंय म्हणून हौसेने घेतलं. पदपथावरून घेतलं ही माझी चूक, १२० नंतर थेट १५३ पान. (पुस्तक दुकानातूनच घ्या, बाकी काही ऐकू नका.) मिसिसिपीचा किनारा, तेरा वर्षांचा जोजो, त्याची धाकटी बहीण, दोघांना आजी-आजोबांनी वाढवलेलं. आजोबांना 'पॉप', आजीला 'मॅम', आणि जन्मदात्या आईला चक्क नावाने हाक, लिओनी. आईला नशेचं व्यसन, बाप पार्चमनच्या तुरुंगात, त्याला सुटकेच्या दिवशी आणायला सगळे गाडीने निघतात. पहिल्याच प्रकरणात वाढदिवसाला आजोबा आणि नातू मिळून बोकड कापतात, आतडी काढण्यापर्यंत सगळं. मी जेवत होतो. पुढे भुतं येतात. आजी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, ती जाते. ताईंची एक अट पाळत नाही. मी दीडशे पानांवर सोडलं.

पानगळ (११:३०)
तुमच्या प्रतीत ती तशीही कमी होती.

सावळी (११:४१)
पुस्तक चांगलं आहे, पण काकांना जड जाईल. नको.

अटलांटाकर (दुपारी १२:०५)
नकोच. इतकं काळंकुट्ट कशाला? कॉमर्सचे फोटो टाकू का?

ओसरी (१२:२०)
मग केज्ड बर्डवर एकमत धरायचं का? अडीचशे-तीनशे पानं, बजेटमध्ये, आजी जिवंत.

अण्णा_धारवाडकर (१२:४०)
स्वामी अँड फ्रेंड्समध्येही आजी जिवंत आहे.

कृष्णाकाठ (शनिवार, सकाळी १०:३०)
सगळ्यांचे आभार, विशेषतः चाकरमानी आणि सावळी. काल वाईला आले, जेवण झाल्यावर बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. मॉकिंगबर्डवर जांभई दिली. लिटल ट्रीचे पाच शब्द आवडले, पुढचं ऐकून म्हणाले, "असल्यांचं अक्षर गोडच असतं." राजापूरच्या आजीपाशी जरा गप्प झाले. मला वाटलं ठरलं, केज्ड बर्ड.

बोरकूटांचं वाचलं तर म्हणाले, परत वाच. आईला नावाने हाक मारतो ते. भाचा फोनवर माझ्या भावाला, म्हणजे स्वतःच्या बापाला, 'सचिन' म्हणतो. आम्ही म्हणतो, ते ऐकून तोही म्हणायला लागला. भाऊ हसण्यावारी नेतो, आई दर वेळी त्याला दटावते, बाबांनी आजवर त्यावर एक शब्द काढला नव्हता. "तेच मागव," म्हणाले. बोकड आहे म्हटलं, तर म्हणाले आपल्याकडे जत्रेला काय कापतात. भुतं आहेत म्हटलं, तर डेपोत होती म्हणाले. ५४० ला मिळालं, वरचे चाळीस त्यांनीच दिले.

शेवटी म्हटलं, बाबा, त्यात आजी मरते हो.

"आजीच ना? आजोबा राहतात ना?"

आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलंय. सकाळपासून बाबांना चहा मिळालेला नाही.

मीठभाकर (१०:४१)
मग अटी घातल्या कशाला होत्या?