बेडफर्ड ओबी बसचा लाकडी सांगाडा: सगळे पत्रे एकदम उतरवावेत का?

प्रश्न (नगरकर, डर्बीशायर)

माझे आजोबा नगर डेपोत चालक होते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली गाडी बेडफर्डची होती आणि तिची बॉडी लाकडी होती, हे त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकले आहे की इकडे इंग्लंडमध्ये १९४९ सालची एक बेडफर्ड ओबी विकाऊ दिसल्यावर मला राहवले नाही. बॉडी हेंडनच्या डुपल कंपनीची 'व्हिस्टा' असून आसने २९ आहेत. घरामागच्या शेडमध्ये ती जेमतेम मावली आहे.

बाहेरचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चांगले दिसतात, परंतु आतल्या अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यात मागचे दोन्ही कोपऱ्यांचे खांब आणि त्यांच्या तळाची आडवी पट्टी इतकी कुजली आहे की स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जातो. सगळे पत्रे एकदम उतरवून लाकडाऐवजी लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा वेल्डिंग करून बसवावा, असा माझा विचार आहे. हे योग्य होईल का? इंजिनही बरीच वर्षे फिरलेले नाही.

उत्तर १ (निवृत्त बॉडी-बिल्डर, पुणे)

कृपया तसे करू नका. या बॉडीत पत्रा हे केवळ झाकण नसते, तो सांगाड्याला ताणून धरतो. त्यामुळे सगळे पत्रे एकदम निघाले की कुजलेले खांब वाकतात आणि दरवाजे-खिडक्यांचे मूळ माप कायमचे हरवते. आधी प्रत्येक खिडकीचे व दरवाज्याचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, आतून तिरप्या फळ्या ठोकून सांगाडा जखडा आणि मगच एका कोपऱ्याचा पत्रा काढून तेवढाच खांब बदला. जुना खांब कितीही कुजका असला तरी फेकू नका, कारण नव्याचा साचा तोच असतो. गाडीला टेकू द्यायचा तो अ‍ॅक्सलखाली द्यावा, चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी पायाच्या, मध्यभागी नव्हे. नाहीतर चॅसिसचा बाक बदलतो आणि शेडमध्ये नीट लागणारा दरवाजा गाडी रस्त्यावर उतरताच अडकू लागतो.

लोखंडी नळ्यांबद्दल म्हणाल, तर जुन्या शिडीसारख्या चॅसिसला खड्ड्यात पीळ बसतो. खाच पाडून बसवलेले लाकडी सांधे तो पीळ सोसतात, तर ताठ वेल्डिंग सांध्याशी तडकण्याचा संभव असतो. शिवाय पत्रे लाकडाला बारीक खिळ्यांनी ठोकलेले आहेत, ते नळीला कसे ठोकणार? आम्ही सागवानावर पितळी स्क्रू वापरत असू. आपणही तेच वापरावेत.

उत्तर २ (सुतारकामाचा हौशी, लेस्टर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त पितळी स्क्रूंची एक मर्यादा सांगावीशी वाटते. लाकूड लाकडाला जोडताना ते उत्तम असतात, परंतु अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून आरपार नेल्यास ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन स्क्रूभोवतीचा पत्राच खाल्ला जातो. लोखंडी कोनांना पत्रा टेकतो तिथेही मध्ये रंगाचा जाड थर किंवा पट्टी द्यावी.

अ‍ॅश चिवट असल्यामुळे बॉडीसाठी निवडतात, मात्र ओलाव्यात ते फार टिकत नाही. म्हणून खांबाचे कापलेले टोक, जिथून पाणी शोषले जाते, ते संरक्षक द्रावणात बुडवून मगच बसवावे आणि तळाच्या पट्टीत पाणी निघून जाण्यास छिद्रे ठेवावीत. बुरशीच्या रोगामुळे २०१२ पासून ब्रिटनमध्ये अ‍ॅशची झाडे मोठ्या संख्येने मरत आहेत, म्हणून लाकूड घेताना सरळ रेषांचे, नीट वाळलेले आणि निरोगी झाडाचेच आहे याची खात्री करा.

उत्तर ३ (जुन्या इंजिनांचा नादिष्ट, बर्मिंगहॅम)

साडेतीन लिटरचे हे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन सोशिक आहे, पण स्टार्टर मारून ते फिरवण्याचा मोह टाळा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग हँडलने हळूहळू फिरवा. सप्टेंबर २०२१ पासून इथे पंपांवर दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले असून ते जुन्या रबराला मारक ठरते, तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घालावा. हायड्रॉलिक ब्रेकचे रबरी भाग तर डोळे झाकून बदला.

बस तीस वर्षांहून जुनी असल्याने, भाडे न घेता आणि आठपेक्षा जास्त प्रवासी न नेता ती मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, मात्र वय २१ पूर्ण हवे. भारतातील २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांत चारचाकींपैकी केवळ खासगी मोटारींचा वर्ग धरला आहे, बसचा नाही. त्या बाबतीत आपण सुखी आहात.

नगरकर

सर्वांचे आभार. लोखंडी नळ्यांचा विचार सोडला आहे. कालच खिडक्यांचे कर्ण मोजले. मागच्या डाव्या खिडकीत दोन्हींत पाऊण इंचाचा फरक आला, म्हणजे सांगाडा आधीच खचला आहे. जॅकने तो कोपरा थोडा थोडा उचलून माप जुळल्यावरच फळ्या ठोकीन. पत्र्यासाठी आणलेला पितळी स्क्रूंचा डबा उद्या दुकानात परत करतो.