मधुमेहातला मोतीबिंदू आणि नॉन-कोडिंग आरएनए : आईच्या डोळ्यांबद्दल विचारायचं आहे

प्रश्न : तासगावची विज्ञान शिक्षिका

नमस्कार. आईला मधुमेह बरीच वर्षं आहे, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. बेदाणे निवडायला बसली की काडी बोटांना लागते तेव्हाच कळते, डोळ्यांना दिसत नाही. शुगर सुरुवातीला खूप असायची, अलीकडे मात्र ताब्यात आहे. मग मोतीबिंदू वाढला कसा?

वर्गात मी एवढंच सांगते : भिंगात जादा ग्लुकोज शिरतं, अल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचं सॉर्बिटॉल करतं, ते सहजी बाहेर पडत नाही, पाणी ओढतं आणि भिंगाचे तंतू फुगतात. आता यात नॉन-कोडिंग आरएनएचं नाव वाचते आहे. ज्याच्यापासून प्रथिनच बनत नाही, तो आरएनए भिंगाचं काय बिघडवणार? शिवाय एका नातेवाइकांनी 'आरएनएवर काम करणारे थेंब' सुचवलेत, ऑपरेशन टळेल म्हणतात. घालू का?

उत्तर : मिरजेहून, ऑप्टोमेट्रिस्ट

ताई, थेंब घालू नका. आलेला मोतीबिंदू विरघळवतील असे सिद्ध झालेले थेंब आज कुठेच नाहीत. यात वेळ गेला तर मोतीबिंदू पिकतो आणि ऑपरेशन अवघड होतं. काकूंच्या डोळ्यांचा मागचा पडदा (रेटिना) तपासलाय का? मधुमेहात ते आधी बघायचं.

उत्तर : कराडहून, जैवतंत्रज्ञान शिकवतो

सॉर्बिटॉलचं तुम्ही सांगता ते बरोबरच आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. आतल्या तंतूंमध्ये केंद्रक उरलेलं नसतं, म्हणून भिंगाची देखभाल या एका थरावर आहे. आरएनएचा खेळ चालतो तो इथे.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा साधारण 22 अक्षरांचा, म्हणजे 22 घटकांचा, तुकडा. तो संदेशवाहक आरएनएला, म्हणजे जनुकातली प्रथिनाची कृती पोचवणाऱ्या आरएनएला, चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनणं रोखतो. स्वतः काही बनवत नाही, दुसऱ्याचं बनणं थांबवतो. 1993 मध्ये एका बारीक कृमीत तो पहिल्यांदा सापडला आणि त्याच कामाला 2024 चं नोबेल मिळालं. मधुमेही उंदरांच्या भिंगात मायक्रोआरएनए-211 वाढलेला दिसला. तो एसआयआरटी1 हे पेशीला जपणारं प्रथिन दाबतो आणि पेशी मरू लागतात. 200 हून जास्त अक्षरांचे लांब आरएनएही आहेत. त्यांतला मॅलॅट1 मधुमेही मोतीबिंदूत वाढलेला आढळतो आणि पेशीवरचा ऑक्सिडेशनचा ताण (ऑक्सिजनच्या घातक रूपांमुळे होणारी इजा) वाढवतो. काही लांब आरएनए मायक्रोआरएनएला स्वतःकडे अडकवून ठेवतात, मग जे प्रथिन दाबलेलं राहायला हवं ते मोकाट सुटतं.

माणसातला पुरावा येतो तो ऑपरेशनमधूनच. भिंगाच्या कवचाचा पुढचा गोल पापुद्रा सर्जन काढतात, त्याला चिकटलेल्या पेशी प्रयोगशाळेत तपासतात. पण त्या पेशी मोतीबिंदू झाल्यानंतरच्या असतात. आरएनए बदलला म्हणून मोतीबिंदू आला की मोतीबिंदू झाला म्हणून आरएनए बदलला, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून पेशींना जादा ग्लुकोजमध्ये वाढवून, एकेक आरएनए कमी-जास्त करून बघावं लागतं. यातून औषध निघायला वेळ आहे.

प्रश्नकर्ती

सर, नीट समजलं. पण आता शुगर चांगली आहे, त्याचा काहीच उपयोग नाही का?

उत्तर : कराडहून

आहे ना! भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधीपासूनची असतात, ती पुन्हा नवी बनत नाहीत. जुन्या वर्षांत साखरेनं त्यांची जी हानी केली ती आज शुगर उतरल्यावर पुसली जात नाही, पण पुढची हानी कमी होते. पडद्याला, मूत्रपिंडाला आणि ऑपरेशननंतरची जखम भरायला त्याचा फायदाच आहे. मोतीबिंदू वाढला म्हणून काकूंचं पथ्य वाया गेलं असं त्यांना वाटू देऊ नका.

प्रश्नकर्ती

आईला हे वाचून दाखवलं. थेंब नको म्हणून कळवते. येत्या आठवड्यात मिरजेला पडदा तपासून घेतो, एचबीए1सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट बरोबर नेते.