सहावी ते आठवी: रोजचा गृहपाठ पालकांच्या ग्रुपवर टाकणं बंद करावं का?

खडूफळा

माझं मत सरळ आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांनी रोजचा गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करावं. त्याऐवजी दर शुक्रवारी अर्ध्या पानाचं पत्रक घरी जावं: पुढच्या आठवड्यात कोणत्या विषयात काय शिकवणार, कशाची चाचणी कधी, कोणत्या दिवशी काय आणायचं. गृहपाठ मुलाने फळ्यावरून स्वतः उतरवून घ्यावा.

आज काय होतं बघा. संध्याकाळी सहा विषयांचे सहा मेसेज येतात, त्यातले तीन फळ्याचे तिरके फोटो. त्यांच्याखाली वीस-पंचवीस "धन्यवाद मॅडम", दोन वाढदिवस, हरवलेल्या डब्याची चौकशी. "बुधवारी परिमेय संख्यांवर १० गुणांची चाचणी" ही ओळ या गर्दीत वर सरकून जाते आणि मंगळवारी रात्री दहा वाजता कुणीतरी विचारतं, उद्या काही आहे का? दुसरं नुकसान मुलांचं. ग्रुपवर येणारच आहे म्हटल्यावर वर्गात लिहून घेणं सुटतं. आपलं काम आपण टिपून ठेवायची सवय लागायचं हेच वय, आणि ते काम आपण आईच्या फोनकडे देऊन टाकलं.

पत्रक कसं असावं यावर सगळं अवलंबून आहे. घटक क्रमांक आणि सरावसंच क्रमांक लिहून पालकाला काहीच कळत नाही. सातवीच्या गणिताची नोंद अशी हवी: "परिमेय संख्यांची बेरीज. घरी विचारा: २/३ आणि ३/४ मिळवताना छेद १२ का घेतला? उत्तर ५/७ आलं तर वर वर आणि खाली खाली मिळवलंय, आम्हाला कळवा." ज्या पालकाचं गणित सुटून वीस वर्षं झाली, त्यालाही एवढं विचारता येतं.

दोन_पाळ्या

पूर्ण विरोध. पत्रक दप्तरात जातं आणि तिथेच राहतं. महिन्याने दप्तर रिकामं केलं की तळाशी चार पत्रकं सापडतात, एकात पोळीचं तेल. ज्या घरात दोघंही कामावर आहेत आणि एक जण रात्री नऊला येतो, तिथे मूल आणि पालक यांच्यात जेमतेम एक तास असतो. त्या तासात आज काय दिलंय हे कळायला हवं. शुक्रवारचा कागद मंगळवारच्या रात्री कामाला येत नाही.

शिवाय "मुलाने फळ्यावरून उतरवावं" हे सगळ्यांना सारखं जमत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची नेमकी अडचण तीच असते: फळ्यावर बघायचं, लक्षात ठेवायचं, खाली बघून लिहायचं, आणि तोवर फळा पुसलेला असतो. वर्गात अशी दोन-तीन मुलं असतातच, आणि त्यातली बरीच कुणी तपासलेलीही नसतात. गैरहजर मुलाचं काय? ग्रुपवर गोंधळ होत असेल तर गोंधळ थांबवा. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने लिहायचं असं सेटिंग करा आणि वर्गशिक्षकांनी पाच वाजता सगळ्या विषयांचा मिळून एकच मेसेज टाकावा. एवढं केलं की तुमची पहिली तक्रार संपते.

वस्तीशाळा

तुम्ही दोघंही घरात स्मार्टफोन आणि वाचणारं माणूस आहे असं धरून चालला आहात. बीडसारख्या जिल्ह्यातल्या तांड्या-वस्त्यांवर दिवाळीच्या आसपास आई-बाप ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. फोन त्यांच्यासोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात. मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. इथे पत्रक कुणाच्या हातात द्यायचं आणि मेसेज कुणाला पाठवायचा?

इथे वेगळं करावं लागतं. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन घर हलण्याआधी, म्हणजे सहामाही परीक्षेच्या वेळीच, हजेरीपटामागे दोन नंबर लिहून घ्यायचे: पालकाचा आणि त्याच टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा. एका नंबरवर विसंबू नका, रिचार्ज संपला की नवं सिम येतं आणि जुना नंबर कायमचा बंद होतो. मग आठवड्यातून एकदा, रात्री आठनंतर, मिनिटाभराचा आवाजी निरोप पाठवायचा. मुलाचं नाव, किती दिवस हजर, काय शिकला, काय अडलंय. लेखी मेसेज ऐकता येत नाही. आवाजी निरोप कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, सगळे मिळून ऐकतात. आणि घरी राहिलेल्या आजीला मुलानेच पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यासाठी अर्धं पानही जास्त होतं, तीन ओळी पुरेत. सहा विषयांची जंत्री कुणी ऐकत नाही.

तासिका_आठवी

पत्रक असो की एकच मेसेज, करणार कोण ते बोला. आठवीच्या वर्गावर पाच-सहा विषयशिक्षक जातात. वर्गशिक्षकाने प्रत्येकाकडून माहिती गोळा करायची, तीही ३५ मिनिटांच्या तासिकांमधून, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं सांभाळून. पहिले तीन आठवडे उत्साहाने होतं. चौथ्या आठवड्यात विज्ञान आणि हिंदीची रकाने कोरी जातात, सहाव्यात पत्रकच निघत नाही. एकदा खंड पडला की पालक वाट बघणं सोडतात, मग पुन्हा सुरू केलं तरी वाचत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलंय: पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं. सभा नीट घ्या. समोरासमोर दहा मिनिटं मिळाली तर ती पन्नास पत्रकांना भारी पडतात.

खडूफळा

@तासिका_आठवी, गोळा करायला फिरायचंच नाही. शिक्षकखोलीत प्रत्येक तुकडीचा कोरा तक्ता लावायचा. गुरुवारच्या मोठ्या सुट्टीपर्यंत ज्याने त्याने आपल्या विषयाच्या दोन ओळी लिहायच्या. मासिक नियोजन आणि टाचण (पाठाची लेखी तयारी) आधीच असतं, त्यातूनच उतरवायचं आहे, नवीन काही रचायचं नाही. सुट्टी संपली की तक्त्याचा फोटो, तोच मजकूर टाइप. ज्याने लिहिलं नाही त्याच्या रकान्यात "मागील घटक चालू" असं छापून पत्रक वेळेवर जाऊ द्यायचं. कोरी रकाना सोडायची नाही आणि कुणासाठी थांबायचंही नाही.

खर्चही फार नाही. ए-फोरचे दोन तुकडे केले तर ५० मुलांना आठवड्याला २५ कागद, वर्षाचे साधारण ३६ आठवडे धरले तर ९००. फोनवर नक्की वाचणाऱ्यांना छापील प्रत नको असेल तर त्याहून कमी.

सभेचं म्हणाल, तर ती हवीच. पण वर्षात चार सभा झाल्या तरी दोन सभांमध्ये अडीच महिने जातात, तेवढ्यात तीन घटक होऊन गेलेले असतात. आणि रोजंदारी बुडवून कामाच्या दिवशी अकरा वाजता कोण येणार? ज्यांच्याशी बोलणं सर्वांत गरजेचं, तेच पालक सभेला नसतात.

श्रेणी_ब२

गृहपाठाच्या वादात मूल्यमापन मागे पडलं, माझ्या मते मुख्य प्रश्न तोच आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पाचवी-सहावीला आकारिक (सत्रभर चालणारं) ५० टक्के आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) ५०. सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित ६०. म्हणजे सातवीच्या मुलाचे शंभरातले ४० गुण सत्रभर तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांतून ठरत असतात. हे चालू असताना पालकाला कुणी सांगत नाही. सत्राच्या शेवटी प्रगतिपत्रकावर "ब-२" येतं. त्याचा अर्थ ६१ ते ७० एवढाच. प्रयोगवही अपुरी होती, की तोंडी परीक्षेत मूल बोललंच नाही, की चाचणीच्या दिवशी ते गैरहजर होतं, यातलं काहीच त्या अक्षरात नाही.

म्हणून साप्ताहिक पत्रकाच्या आधी सत्राच्या सुरुवातीला एक पान द्या. विषयवार आकारिकची कोणती साधनं वापरणार, कशाला किती गुण, साधारण कोणत्या महिन्यात. पालकांच्या सह्या घेण्यापेक्षा ते पान वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून घ्या.

आठवीचं तर आणखी निकडीचं आहे. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. आठवीला विषयाला ६० गुण, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के म्हणजे २१. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. अजूनही पुष्कळ घरांत "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" अशीच समजूत आहे. ज्या मुलाचं पहिल्या संकलितमध्ये अडलंय, त्याच्या घरी डिसेंबरातच कळायला हवं, आणि "गणितात कच्चा आहे" असं मोघम नको. "बैजिक राशींच्या गुणाकारात चिन्हं चुकतात, रोज पाच उदाहरणं" असं हवं. हे ग्रुपवर नाही, त्या घरालाच. पूर्ण वर्गाच्या गुणांची यादी ग्रुपवर टाकणं ताबडतोब थांबलं पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलीचे ६० पैकी ९ गुण गल्लीतल्या सगळ्यांना कळतात, त्याची भरपाई कशानेच होत नाही.

दोन_पाळ्या

गुणांच्या यादीबद्दल शंभर टक्के सहमत. पण वेळापत्रकाचं अजून कुणी बोललं नाही. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी रात्री जाहीर करतात, कधी पहाटे. सकाळच्या सत्राची मुलं साडेसहाला घराबाहेर पडतात. त्यात गेल्या वर्षीचं पत्र, तारीख खोडून, पुन्हा फिरवलं जातं. याला शुक्रवारचं पत्रक काय करणार?

खडूफळा

काहीच नाही, म्हणून तातडीचा मार्ग वेगळा ठेवायचा आणि त्यावर दुसरं काही टाकायचं नाही. सुट्टी, वेळबदल, बस, आजारपण, बस्स. सुट्टीचं पत्र पुढे पाठवण्याआधी वर्गशिक्षकाने तीन गोष्टी बघायच्या: आदेशाची तारीख, तालुक्यांची नावं, आणि इयत्ता कोणत्या. पालकांना जूनमध्येच सांगायचं की वर्गशिक्षकाकडून आलं तरच सुट्टी, बाकी फॉरवर्ड धरायचे नाहीत.

तांत्रिक बाजू इथे महत्त्वाची आहे. साध्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकेल असं केलं तरी सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात; आयांच्या नंबरवर नको ते फोन येतात त्याचं मूळ तिथे आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो) नंबर दिसत नाहीत, पण तिची मर्यादा २५६ आणि ज्यांनी शिक्षकाचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच मेसेज पोचतो. "मला आलंच नाही" म्हणणारे पालक बहुधा खरं बोलत असतात. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा विभागात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, सध्या तो पर्याय बरा.

वस्तीशाळा

आणि फळ्याचे फोटो नकोत. गावात रेंज एका काडीची, फोटो गोल गोल फिरत राहतो. दोन ओळी मराठीत टाइप केल्या तर लगेच उघडतात. बोलून टाइप करायची सोय बहुतेक फोनमध्ये आहे, फक्त पाठवण्याआधी आकडे आणि तारखा वाचून बघा, तिथेच चूक होते.

तासिका_आठवी

पद्धत मान्य, पण एक भीती आहे आणि ती शिक्षकांना विचारा. नियोजन लेखी बाहेर गेलं की त्याचा जाब सुरू होतो. "सोमवारी अपूर्णांक लिहिलं होतं, मंगळवारपर्यंत शिकवलं नाही." मध्ये प्रशिक्षण लागतं, जयंती येते, अर्धा वर्ग तापाने गैरहजर असतो. मग शिक्षक मोघम लिहायला लागतात आणि पत्रक पुन्हा निरुपयोगी होतं.

श्रेणी_ब२

शिकवण्याला वार देऊच नका. "या आठवड्यात" एवढंच लिहा. वार फक्त चाचणीला आणि साहित्याला: "गुरुवारी कंपास, कोनमापक". राहिलेला घटक पुढच्या पत्रकात पहिल्या ओळीत, "पुढे चालू" म्हणून. जाहीर झालेली चाचणी मात्र आधी घ्यायची नाही, पुढे ढकलली तर चालेल. पालक चिडतात ते चाचणी अचानक घेतल्यावर, दोन दिवस उशिरा घेतल्यावर नाही.

दोन_पाळ्या

मी सहावीपुरती तरी माझ्या मतावर ठाम आहे. पाचवीपर्यंत बहुतेक विषय एकाच बाई शिकवत होत्या, सहावीत एकदम पाच-सहा शिक्षक येतात. दिवाळीपर्यंत रोजचा एक मेसेज चालू ठेवा, मग दुसऱ्या सत्रात बंद करा. आणि ज्यांना उतरवून घेणं जमत नाही त्यांच्यासाठी आठवीपर्यंत चालू ठेवा, त्यांच्या पालकांना वेगळा.

खडूफळा

सहावीच्या पहिल्या सत्रापुरतं चालेल. दुसऱ्या सत्रापासून रोजचा मेसेज हजर मुलांसाठी नको, गैरहजर आणि अडचण असलेल्यांच्याच घरी जावा. उरलेल्यांची वही शेवटच्या तासिकेची पाच मिनिटं राखून शेजारच्याने तपासावी: तारीख, विषय, काम, कधीपर्यंत. ही पाच मिनिटं वेळापत्रकात छापलेली हवीत, नाहीतर घंटा होते आणि राहून जातं.

वस्तीशाळा

त्याच वहीत पालकाच्या सहीची रकाना काढून टाका. सही मुलंच करतात. त्या जागी "आज घरी काय विचारलं?" अशी रकाना ठेवा. आजीने विचारलेला प्रश्न मूल स्वतःच्या अक्षरात लिहील, आणि सोमवारी वर्गात ते दोन प्रश्न वाचून घेता येतील.