मदत हवी आहे : जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांतले चिनी आणि जपानी

नमस्कार मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी जुने अंक चाळतेय आणि अडकलेय.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द वॉस्प' साप्ताहिकात १८८१ साली केलर या व्यंगचित्रकाराचं एक चित्र आलं. बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या जागी फाटक्या कपड्यांतला चिनी मजूर, पाय कवटीवर, हातात अफूची नळी. मागच्या किरणांवर 'घाण', 'रोगराई' असे शब्द. (खरा पुतळा न्यूयॉर्कला उभा राहिला १८८६ मध्ये. टिंगल आधीच तयार!) पुढच्याच वर्षी, १८८२ ला, चिनी मजुरांवर बंदीचा कायदा. उलट नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८७१ मध्ये 'हार्पर्स वीकली' साप्ताहिकात चिन्याच्या पाठीशी उभी राहिलेली कोलंबिया (म्हणजे स्त्रीरूपातली अमेरिका) काढली होती.

जपान्यांची तऱ्हा वेगळी. फेब्रुवारी १९०५ पासून 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ने त्यांच्याविरुद्ध लेखमालाच चालवली. चिनी 'गलिच्छ' म्हणून नकोत, जपानी मात्र हुशार आणि चिवट म्हणून नकोत!

दोन गोष्टी हव्यात. 'यलो पेरिल'ला (चिनी-जपानी लोकांपासून गोऱ्यांना धोका आहे, या भीतीला दिलेलं नाव) मराठीत काय लिहू? 'पीत संकट' मला कावीळ झाल्यासारखं वाटतं. आणि १९०५-०७ च्या मराठी वर्तमानपत्रांत याबद्दल काही छापून आलेलं कुणी पाहिलंय का? अंकाची तारीख मिळाली तरी पुरे, ग्रंथालयात जाऊन मी शोधेन.