इन्व्हर्टरची बॅटरी बसली आणि लॉन गुडघ्याला लागलंय, दोन्हीत पैसे कसे वाचवायचे?

आसरा_चौक_वाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं घर, खाली तीन खोल्या वर गच्ची, आणि पुढं साधारण ६०० स्क्वेअर फूट लॉन, वडिलांनी रिटायर झाल्यावर हौसेनं लावलंय. आता एकाच महिन्यात दोन खर्च अंगावर आलेत.

इन्व्हर्टर आहे ९०० व्हीएचा, एक बॅटरी, १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर. चार वर्षंपण धड झाली नाहीत आणि आता लाईट गेली की वीस मिनिटांत टूं टूं करून बसते. परवा वादळात साडेतीन तास लाईट नव्हती, बायकोचं घरून काम, तिची मीटिंग अर्ध्यात तुटली, आणि ऐकून कोणी घेतलं तर मी. दुकानदार म्हणतो ही सिस्टिमच काढा, दोन बॅटरीचा २४ व्होल्टवाला बसवा, सगळं मिळून ४२ हजार. लोड म्हणाल तर ३ पंखे, ३ एलईडी ट्यूब, राउटर आणि एक लॅपटॉप एवढंच.

दुसरं लॉन. पहिल्या पावसानंतर असं वाढलंय की मांजर आत गेलं तर दिसत नाही. कापायला माणूस येतो तो दर वेळी ८०० घेतो आणि फोन केल्यावर चौथ्या दिवशी येतो. ऑनलाईन सेलमध्ये बॅटरीवालं मोवर (गवत कापायचं मशीन) आणि ट्रिमरचा सेट दिसतोय १९ हजाराला, ४५ टक्के ऑफ लिहिलंय. घ्यावं का? आणि डोक्यात एक किडा आलाय, त्या मोवरच्या बॅटरीवर लाईट गेल्यावर घरातलं काही चालतं का? म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

वायरमन_अण्णा

थांबा दादा, ४२ हजार खिशातच ठेवा. पहिलं सांगा इन्व्हर्टर ठेवलाय कुठं? गच्चीवर पत्र्याखाली असेल तर बॅटरी का मेली ते मी इथूनच सांगतो.

आता हिशोब बघा. जुने पंखे ७५ वॅटचे धरले तर तीन मिळून २२५, ट्यूब २० च्या तीन म्हणजे ६०, राउटर १०, लॅपटॉप ५०. झाले ३४५ वॅट. बॅटरी १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, पण हे पाटीवरचं. ते १५० एएच जे लिहितात ते २० तासांत हळूहळू उतरवलं तर, म्हणजे साडेसात अँपिअरनं. तुमचा लोड ओढतो ३३-३४ अँपिअर, एवढ्या जोरात ओढलं की बॅटरी पूर्ण देत नाही, वर इन्व्हर्टर स्वतःचं पंधराएक टक्के खातो. हातात येतात हजार-अकराशे वॅट-तास. म्हणजे नवी कोरी बॅटरी टाकली तरी तुम्हाला तीन तास मिळणार. दुकानदार दुसरी बॅटरी विकायला बघतोय ती यासाठीच, चूक नाही म्हणत, पण उलट्या बाजूनं विचार करा की, टाकी मोठी करण्यापेक्षा नळ बारीक करा.

तीन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे टाका. फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास खातात. तीन पंख्यांचे २२५ चे झाले ९०, एकूण लोड ३४५ वरून २१०. त्याच एका बॅटरीवर पाच तास. पंखा अडीच-तीन हजाराला येतो, तीनचे नऊ धरा. आणि महत्त्वाचं म्हणजे दुसरी बॅटरी फक्त लाईट गेल्यावर उपयोगाची, पंखा रोजच वाचवतो. दिवसाला १५ तास फिरले तर तीन पंख्यांत महिन्याला साठेक युनिट कमी होतात. आपल्या बिलात १०० च्या वर आणि ३०० च्या वर रेट चढतो माहितीय ना, उन्हाळ्यात तुम्ही ३०० च्या काठावर असाल तर हे साठ युनिट सगळ्यात महाग रेटचे वाचतात.

आसरा_चौक_वाला

अण्णा इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यावर पत्र्याखालीच आहे 😐 खाली जागा नव्हती म्हणून ठेवला.

वायरमन_अण्णा

वाटलंच. मे महिन्यात आपल्याकडं सावलीत ४३ असतं, पत्र्याखाली किती असेल तुम्हीच बघा हात लावून. लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य कंपनी धरते २५ डिग्रीला, त्याच्यावर दर १० डिग्रीला ते निम्मं होतं असं आमच्या धंद्यात धरतात. पाणीपण भराभर उडतं. नवी बॅटरी तिथंच ठेवली तर चार वर्षांनी परत इथंच प्रश्न टाकाल. खाली जिन्याखाली, हवा खेळेल अशा जागी आणा. फक्त देवघराच्या खाली कपाटात कोंबू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि वर तुमची समई तेवालीय, मी असं एका घरी बघितलंय, अंगावर काटा आला.

आणि नवी घ्यायच्या आधी जुनी एकदा तपासून घ्या. सहाही भोकांत पाणी आहे का, आणि हायड्रोमीटरनं (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक सेलचं रीडिंग. फुल चार्ज केल्यावर १.२४ च्या आसपास पाहिजे. पाचात बरोबर आणि एकातच खाली असेल तर तो सेल गेला, मग बॅटरी वाचत नाही. सगळ्यातच पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर टाकून दोन दिवस चार्ज करून बघा, नशीब असेल तर वर्षभर ओढेल. डिस्टिल्डच टाका. आरओचं नाही, एसीतून ठिबकतं ते तर नाहीच नाही, लोकं बाटल्या भरभरून साठवतात आणि पन्नास रुपये वाचवायला पंधरा हजाराची बॅटरी घालवतात.

कडक_भाकरी

अण्णा एक नंबर. पण मी ऐकलं की कारची बॅटरी स्वस्त पडते, ती लावली तर काय होतं बे?

वायरमन_अण्णा

चार-सहा महिने चालते, मग काय होतं ते कळतं. कारची बॅटरी एक सेकंद जोरात धक्का द्यायला बनवलेली असते, प्लेटा पातळ. खोलवर उतरवली की मरते.

हरळी_हटेना

लॉनचं मी सांगते, कारण या खड्ड्यात मी पडून बाहेर आलेय. होटगी रोडला घर, ७०० स्क्वेअर फूट लॉन होतं, आता ३०० आहे, ते का ते शेवटी सांगते.

दादा ते "२० व्होल्ट" आणि "१८ व्होल्ट" वेगळं नसतं हं. आत पाच लिथियम सेल असतात, ३.६ गुणिले ५ म्हणजे १८, आणि फुल चार्जला ४.२ गुणिले ५ म्हणजे २१, तेच कोणी २० मॅक्स म्हणून विकतं. व्होल्टवर भुलू नका, बॅटरीचे एएच बघा, ४ एएच म्हणजे १८ गुणिले ४, ७२ वॅट-तास. बस. तुमच्या एका पक्ष्याचं उत्तर इथंच आलं, ७२ वॅट-तासात घरातला एक जुना पंखा एक तासपण फिरत नाही. राउटर चालेल सहा-सात तास, पण त्याला अ‍ॅडॅप्टर शोधा, जोडा, त्यापेक्षा राउटरचा छोटा यूपीएस हजार-पंधराशेला मिळतो तो लावा आणि वहिनींची मीटिंग वाचवा. आमच्याकडं तोच आहे, इन्व्हर्टर चालू होताना राउटर जो रिस्टार्ट होतो तेवढंपण होत नाही.

मी पहिल्यांदा बॅटरीवालंच घेतलेलं. दोन पावसाळे छान चाललं, तिसऱ्याला बॅटरी पंधरा मिनिटंपण टिकेना, आणि नुसत्या बॅटरीची किंमत विचारली तर नवीन मशीनच्या निम्मी! चूक माझीपण आहे, कापून झालं की गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची आणि ठेवायची गाडीच्या शेडमध्ये. थंड होऊ द्यायची असते, आणि पावसाळा संपला की अर्धी चार्ज करून घरात ठेवायची, हे कोणी सांगितलंच नाही.

आता काय वापरते? हातानं ढकलायचं रील मोवर. ना वायर ना बॅटरी, ढकललं की पाती फिरतात. ५,२०० ला मिळालं. ६०० फुटाला अर्धा तास लागेल. अट एकच, गवत गुडघ्याला आलं की ते चालत नाही, नुसतं झोपवतं. तुमचं आत्ता एकदा त्या ८०० वाल्याकडून ब्रश कटरनं उतरवून घ्या, मग आठ-दहा दिवसांनी स्वतः फिरवा, दर वेळी वरचा एक तृतीयांशच कापायचा, त्याहून जास्त कापलं की पिवळं पडतं.

आणि हो, ४५ टक्के ऑफ. कशावर ऑफ ते बघा. एमआरपी छापायला पैसे लागत नाहीत.

मिस्त्री_गल्ली

वायरवालं इलेक्ट्रिक मोवर पण वाईट नाही, ताईंनी सोडलंच ते. १,२०० वॅटचं अर्धा तास चाललं तर पाऊण युनिटपण होत नाही, म्हणजे विजेचा खर्च धरूच नका, आणि बॅटरी मरायची भानगड नाही. फक्त घरातलं पातळ वायरचं एक्स्टेंशन लावू नका. २५ मीटर लांब असेल तर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या आणि चालवताना पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली की आतून तापून वितळते, माझ्या मेहुण्यानं करून दाखवलंय. ओल्या गवतात अजिबात नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की लाईन तोडणारं स्विच) नसेल तर आधी ती बसवा मग मोवरचं बघू. आणि हे इन्व्हर्टरच्या लाईनवर कधी लावू नका, इस्त्री आणि गिझरसारखंच.

सोलार_करा_सोलार

सगळे जुन्या जमान्यात अडकलेत. सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी. सोलापूरसारखं ऊन कुठंय? सोलार टाका, लाईट गेली तरी टेन्शन नाही, बिल पण झिरो.

वायरमन_अण्णा

सबसिडीचे आकडे बरोबर, बिल कमी होतं तेपण बरोबर, पण लाईट गेली तरी टेन्शन नाही हे चूक आहे भाऊ. साधा ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेला बिनबॅटरीचा सोलार लाईट गेली की स्वतःच बंद होतो, भर दुपारी बारा वाजता ऊन असलं तरी. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तुमच्या गच्चीवरून वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला माझ्यासारखा माणूस चिकटेल. लाईट गेल्यावर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि सबसिडी पॅनेलच्या किलोवॅटवर असते, बॅटरीचे वेगळे पैसे नाहीत. दादांना बॅकअप पाहिजे, बिलाचा प्रश्न वेगळा.

सोलार_करा_सोलार

मान्य. आमच्याकडं हायब्रिड आहे त्यामुळं लक्षात नाही आलं. लिथियम बॅटरी तरी सांगा त्यांना.

शेंगाचटणी_९०

लिथियमचं मी गणित केलेलं. १०० एएचची लिथियम १५० च्या लेडएवढंच काम देते कारण ती जवळजवळ पूर्ण उतरवता येते, पाणी टाकायची कटकट नाही, वजन फार कमी. पण किंमत दुपटीच्या वर आणि जुना इन्व्हर्टर तिला नीट चार्ज करेलच असं नाही. ३,००० सायकल देते म्हणतात, म्हणजे तेवढ्या वेळा उतरवून परत चार्ज करता येते. माझ्याकडं वर्षाला धरून चला ७० वेळा लाईट जाते, म्हणजे ४० वर्षं पुरणार, तोवर मी नाही आणि बॅटरीपण नाही 😂 ज्याच्याकडं रोज पाच तास लाईट जाते त्यानं घ्यावी, आपल्यासाठी लेडच.

बॅटरी घेताना मी शिकलेल्या गोष्टी सांगतो. वॉरंटी ३६+१८ लिहितात ना, त्यातला पहिला आकडाच खरा. पुढचे १८ महिने प्रोरेटा, म्हणजे फुकट बदलून नाही, नवीन बॅटरीच्या एमआरपीवर काही टक्के सूट, आणि जुनी ते ठेवून घेतात. बाजारात तर एमआरपीपेक्षा तशीच कमीत मिळते आणि जुनीचे भंगारात वजनावर पैसे येतात (पन्नास-पंचावन्न किलोचं धूड असतं, शिसं भरपूर). मी दोन्ही करून बघितलं, प्रोरेटात फायदा झाला तो फक्त तीनशे रुपये. म्हणून नवी पेठेत तीन-चार दुकानं फिरा, जुनी देऊन किती असं एकच विचारा. बॅटरीवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालाय, कोणी जुनं कोटेशन काढून दाखवलं तर बिल नीट वाचा. बॅटरी कधी बनली तो महिनापण बघा, सहा महिने दुकानात पडून राहिलेली घेऊ नका. आणि एप्रिल-मेत घेऊ नका, तेव्हा सगळं गाव इन्व्हर्टरच्या दुकानात असतं, कोण भाव कमी करणार.

कडक_भाकरी

एक राहिलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते, तेव्हा मोटर इन्व्हर्टरवर चालते का?

वायरमन_अण्णा

अर्धा एचपीची मोटर चालताना पाचशेच्या वर वॅट ओढते आणि सुरू होताना त्याच्या तीन-चार पट. ९०० व्हीए मान टाकतो. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा खाली हौद बांधा, पाणी त्यात आपोआप पडू द्या, लाईट आल्यावर वर चढवा. मोटर डायरेक्ट नळाला लावणाऱ्यांनी मला विचारूच नका.

आसरा_चौक_वाला

मंडळी अपडेट. रविवारी अण्णांनी सांगितलं तसं बॅटरी बघितली, पाच सेल ठीक आणि एक १.१० वर, म्हणजे गेलीच. चार दुकानं फिरलो, जुनी देऊन नवी १५० एएच ११,८०० ला बसली, पहिल्या दुकानात तीच १३,५०० सांगत होता. इन्व्हर्टर जुनाच ठेवला, खाली जिन्याखाली आणला, वायर ओढायचे ९०० गेले. बीएलडीसी पंखे सध्या दोनच घेतले, हॉल आणि बेडरूम, वडिलांच्या खोलीतला ते बदलू देत नाहीत, म्हणतात आवाज नाही आला तर झोप लागत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला. मोवरचा सेट कार्टमधून काढला. काल संध्याकाळी दोन तास लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर चार दांड्यांतली एकच उतरली.

ताई, तुम्ही ७०० चं लॉन ३०० का केलं ते सांगायचं राहिलं. आणि रील मोवरच्या पात्याला सोलापुरात धार कोण लावून देतं?

हरळी_हटेना

पाणी हो! दुसरं काय. मे महिन्यात टँकर मागवून गवताला पाणी घालत होते, एक दिवस सासूबाई म्हणाल्या एवढ्यात म्हैस सांभाळली असती. अर्ध्यात आता फरशी आणि कडीपत्ता.

धार लावायला बाहेर जायचं काम नाही. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (धातू घासायची खरखरीत पेस्ट) पात्याला फासायची आणि रील उलटं फिरवायचं, दहा मिनिटांत कागद कापतं. नंतर पेस्ट पुसून तेलाचा हात मारा. त्याआधी लॉनमधले दगड वेचा, आपल्याकडं मुरूम वर येतो सारखा.