अस्तर गळतं, तळ राहतो

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, तर बिघडलेली पेशीही तेवढ्यात गळून जायला हवी, मग आतड्याचा कर्करोग होतोच कसा, ही शंका रास्त आहे. बहुतेक पेशींचं तसंच होतं. पृष्ठभागावरची पेशी बिघडली तरी तिचे दिवस भरलेलेच असतात.

गोम खाली आहे. क्रिप्ट नावाच्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी, जंतुनाशक द्रव्यं स्रवणाऱ्या पॅनेथ पेशींच्या मधल्या फटींत, बारीक चणीच्या मूळपेशी (स्टेम सेल) असतात; अस्तराच्या नव्या पेशी त्यांच्यातूनच जन्मतात. उंदराच्या लहान आतड्यात एका खळग्यात जेमतेम पंधराएक. २००७ साली डच शास्त्रज्ञ हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर५ या जनुकाच्या खुणेवरून त्या ओळखल्या. त्या साधारण रोज विभागतात, लेकी वर सरकतात, पण तळाची वंशावळ हलत नाही.

याच गटाने २००९ मध्ये उंदरांत एपीसी हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक निकामी केलं. मूळपेशींत केलं तेव्हा काही आठवड्यांत गाठी वाढल्या. वर सरकणाऱ्या अल्पायुषी पेशींत केलं तेव्हा इवल्या गाठी झाल्या आणि बहुतेक तिथेच अडकल्या. बिघाड तोच, जागा वेगळी!

अर्थात तळाशीही सुखाने बसता येत नाही. मूळपेशी एकमेकींना ढकलत राहतात, आणि कालांतराने अख्खा खळगा एकीचीच संतती होतो. म्हणजे बिघडलेलीही हुसकली जाऊ शकते. मात्र एपीसी गमावलेलीचं पारडं जड असतं.

आणि हो, सगळं खापर वेगावर फोडू नका. लहान आतड्याचं अस्तर मोठ्या आतड्यापेक्षा भराभर बदलतं, तरी कर्करोग मोठ्यातच कितीतरी जास्त आढळतो.